एका कोयत्याचा प्रवास

तालुक्याच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात मागच्या अंगाला एक कुलूपबंद खोली असते. आत फळ्यांवर खाकी कागदात गुंडाळलेली पुडकी, पिशव्या, पत्र्याचे डबे. पुडक्याला आडवा-उभा दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाल लाखेचं सील आणि वर डकवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, तारीख, दोन पंचांच्या सह्या, तपास अधिकाऱ्याची सही. ही मुद्देमाल खोली. तिची चावी आणि तिचं जाडजूड रजिस्टर मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात असतं. बदली झाली की नव्या माणसाला एकेक नग मोजून ताबा द्यावा लागतो.

समजा, त्यातल्या एका पुडक्यात कोयता आहे. बांधाच्या वादात एका शेतकऱ्याचा खून झाला आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो या कोयत्याने झाला. प्रसंग कल्पनेतला, पण अशी बातमी वाचली नाही असा वाचक महाराष्ट्रात सापडणार नाही. या कोयत्याच्या मागोमाग आपण निघालो, तर फौजदारी न्यायव्यवस्था नावाचं प्रचंड यंत्र एकेक दार उघडत समोर येतं. मला त्यात सगळ्यात थक्क करतं ते हे, की या यंत्राला मालकच नाही.

पोलीस, सरकारी डॉक्टर, महसुलाचा मंडल अधिकारी, न्यायसहायक प्रयोगशाळा, सरकारी वकील, न्यायाधीश, तुरुंग अधीक्षक. सगळ्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, सगळे एकाच खुनाचं काम करतात. पण या सगळ्यांना हुकूम देऊ शकेल असा एकही साहेब अख्ख्या राज्यात नाही. डॉक्टर आरोग्य खात्याचा, मंडल अधिकारी महसूल खात्याचा. पोलीस, प्रयोगशाळा आणि तुरुंग तिन्ही गृह खात्याचे, तरी तिघांचे प्रमुख वेगळे. जिल्हा न्यायालयावर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. ही विस्कळीत रचना चुकून झालेली नाही, फार विचार करून अशी केलेली आहे.

ती तशी का केली हे समजायला थोडं मागे जावं लागतं. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा कलेक्टर हाच जिल्हा दंडाधिकारी. पोलिसांवर देखरेख त्याची, आणि फौजदारी खटले चालवणारे मॅजिस्ट्रेटही त्याच्याच हाताखालचे. तालुक्यात मामलेदार सारा वसूल करायचा आणि शिक्षाही द्यायचा. ज्याच्या माणसांनी पकडलं त्याच्याच माणसापुढे न्याय मागायचा, अशी ही सोय होती. ही दोन्ही कामं वेगळी करा, ही मागणी काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनची. राज्यघटनेच्या 50 व्या कलमाने ते राज्याचं कर्तव्य ठरवलं, जुन्या मुंबई राज्याने त्यासाठी 1951 मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि देशभर ही विभागणी पक्की झाली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, 1 एप्रिल 1974 पासून. 1 जुलै 2024 ला त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, भिंती मात्र त्याच राहिल्या.

आता कोयत्याकडे वळू. खरं तर कोयता अजून सापडलेला नाही. रात्री मयताचा भाऊ ठाण्यात आला आहे आणि ठाणे अंमलदार त्याची फिर्याद लिहून घेतो आहे. खून हा दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना तपासासाठी किंवा अटकेसाठी न्यायालयाची परवानगी लागत नाही. फिर्यादीला प्रत फुकट मिळते. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली, तरी शून्य नंबरने गुन्हा नोंदवून तो तिकडे पाठवावा लागतो. इथपर्यंत सगळं पोलिसांच्या हातात आहे. पण याच टप्प्यावर एक साधी दिसणारी गोष्ट घडते. गुन्ह्याचा अहवाल विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जातो. मॅजिस्ट्रेटला त्या रात्री काही करायचं नसतं. तरी तो कागद जातो, कारण एकदा तो ठाण्याबाहेर पडून न्यायालयात वेळ-तारखेसह पोचला, की फिर्यादीतली हकीकत मागाहून बदलणं अवघड होतं. उलटतपासात बचावाचा वकील हमखास विचारतो, कागद इतक्या उशिरा का पोचला? अख्खी केस कधी कधी या एका प्रश्नावर डळमळते.

मृतदेहाचा मरणोत्तर पंचनामा पोलीस करतात, शवविच्छेदन मात्र वैद्यकीय अधिकारी. मृत्यूचं कारण त्यानेच सांगायचं, फौजदाराने सुचवायचं नाही. घटनास्थळाचा नकाशा काढायला अनेकदा मंडल अधिकारी येतो. बांध कुठे, विहीर कुठे, प्रेत कुठे पडलं होतं, साक्षीदार उभा होता तिथून किती फुटांवर. त्याचा या खुनाशी काडीचा संबंध नाही आणि म्हणूनच त्याच्या नकाशाला वजन आहे. ओळख परेड घ्यायची वेळ आली तर ती नायब तहसीलदारासारखा कार्यकारी दंडाधिकारी घेतो, आणि त्या खोलीत तपास करणाऱ्या पोलिसाने थांबायचं नसतं. ज्याला निकालात रस आहे त्याच्या हातून पुरावा काढून ज्याला रस नाही त्याच्या हातात द्यायचा, ही चाल पुढे पावलोपावली दिसते.

संशयिताला अटक झाली. आता घड्याळ सुरू होतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. हे तर थेट राज्यघटनेच्या 22 व्या कलमात लिहिलेलं आहे. पोलीस म्हणतात पीसीआर हवा, म्हणजे पोलीस कोठडी. आरोपीचा वकील म्हणतो एमसीआर द्या, म्हणजे न्यायालयीन कोठडी. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांहून जास्त देता येत नाही. आणि तपास 60 किंवा गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत संपवून दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. खुनाचा आरोप असला तरीही. अनेकांना हे ऐकून राग येतो. मला त्यात कायद्याचं शहाणपण दिसतं. माणूस आत आहे म्हणून तपास निवांत, ही चैन कायद्याने पोलिसांना ठेवलेली नाही.

कोठडीत तो म्हणतो, ‘मीच मारलं. कोयता उसाच्या फडात टाकलाय, दाखवतो.’ या दोन वाक्यांच्या मधोमध भारतीय पुरावा कायद्याची सगळ्यात उंच भिंत उभी आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या कायद्यात तसं होतं, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसंच आहे. म्हणजे ‘मीच मारलं’ हे शब्द न्यायालयापुरते नाहीतच. पण दुसऱ्या वाक्यामुळे खरोखर कोयता सापडला, तर तेवढंच वाक्य चालतं. म्हणून दोन पंच बोलावतात, त्यांच्यासमोर निवेदन लिहितात, मग जीप निघते. पुढे आरोपी, मागे पंच, फड, पाचट, आणि त्याखालून निघालेला कोयता. तिथेच तो कागदात गुंडाळायचा, दोरा बांधायचा, लाख वितळवून सील ठोकायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या. आता या जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं.

मग आरोपीला खरंच कबुली द्यायची असेल तर? त्याचं उत्तर देशाने एका फार मोठ्या खटल्यात पाहिलं आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात जिवंत सापडलेला अजमल कसाब पोलिसांच्या ताब्यात होता. तो कबुली द्यायला तयार होता. तरीही तपास अधिकाऱ्याला ती स्वतः लिहून घेऊन उपयोग नव्हता. 17 फेब्रुवारी 2009 ला त्याला अतिरिक्त मुख्य महानगर दंडाधिकारी रमा सावंत-वाघुले यांच्यापुढे आणलं. त्यांनी पोलिसांना दूर ठेवून त्याला समजावलं, की मी पोलिसांची नाही, कबुली देण्याची तुझ्यावर सक्ती नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. आणि लिहून घ्यायला बसण्याऐवजी त्याला विचार करायला 24 तास दिले, तेही पोलीस कोठडीबाहेर, न्यायालयीन कोठडीत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, द्यायची आहे. त्यांनी आणखी 48 तास दिले. मग कुठे 20 तारखेला लेखन सुरू झालं. साऱ्या जगाने ज्याचा हातात बंदूक घेतलेला फोटो पाहिला होता, त्याला एक न्यायाधीश सांगत होत्या, घाई करू नकोस, विचार कर. हा प्रसंग वाचताना माझी मान आजही आदराने लवते. पुढे त्याने ती कबुली मागे घेतली, तेव्हा ती टिकली ती याच सावकाशीमुळे.

त्याच खटल्याचा आणखी एक पैलू कमी बोलला जातो. त्याच पोलिसांनी, त्याच हजारो पानांच्या दोषारोपपत्रात दोन भारतीय सहआरोपींनाही उभं केलं होतं. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी 3 मे 2010 ला कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच निकालात या दोघांना पुराव्याअभावी सोडलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. देशभर संतापाची लाट असताना पोलीस एक म्हणतात आणि न्यायालय दुसरं ठरवतं, हे घडू शकलं कारण दोघांचा साहेब एक नव्हता. कसाबची फाशीसुद्धा सत्र न्यायालयाच्या एका सहीने झाली नाही. उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय फाशीची शिक्षा अमलातच येत नाही. सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडायला ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना न्यायालयाने नेमलं. राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज गेला, तो फेटाळला गेला, आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली.

आपला कोयता एव्हाना प्रयोगशाळेच्या वाटेवर आहे. एक शिपाई पुडकं आणि सोबतचं पत्र घेऊन एसटीने निघतो. पत्रावर सीलचा नमुना असतो. कलिना, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जिथली हद्द तिथे. खिडकीवरचा कर्मचारी आधी कोयता पाहतच नाही, तो पाहतो सील. शाबूत आहे का, नमुन्याशी जुळतं का. शंका आली तर पुडकं परत. रक्त माणसाचं आहे का, कुणाचं, हे पुढचं. अनेक महिन्यांनी जो कागद येतो त्याला न्यायालयाच्या आवारात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, केमिकल ॲनालायझरचा अहवाल म्हणून. नव्या संहितेने सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे आणि त्यासाठी तयारी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा दिली आहे. तरतूद उत्तम आहे. पण माणसं आणि यंत्रं वाढली नाहीत, तर पुडकी फक्त ठाण्याच्या फळीवरून प्रयोगशाळेच्या फळीवर जातील.

तपास संपला. आता पोलिसांनी मत बनवायचं. पुरावा पुरेसा असेल तर दोषारोपपत्र, नसेल तर समरी. आपल्याकडे समरीला अक्षरं आहेत. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ती ए समरी. फिर्यादच खोडसाळ आणि खोटी, ती बी. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, ती सी. मॅजिस्ट्रेट ही समरी नाकारू शकतो, आणखी तपास करा म्हणू शकतो, स्वतः गुन्ह्याची दखल घेऊन आरोपीला बोलावू शकतो. मात्र ‘तुम्ही दोषारोपपत्रच पाठवा’ असा हुकूम पोलिसांना देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच हे स्पष्ट केलं. पोलिसांचं मत हे पोलिसांचं, न्यायालयाचा निर्णय न्यायालयाचा. एकाने दुसऱ्याचं डोकं वापरायचं नाही.

यानंतर सरकारी वकील येतो. एके काळी मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात खटला चालवायला पोलीस खात्याचाच प्रॉसिक्युटर उभा राहायचा. म्हणजे ज्यांनी पकडलं तेच शिक्षा मागायला हजर. 1973 च्या संहितेने ते बदललं आणि 2005 च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाला कायद्यात जागा दिली. सरकारी वकील पोलिसांचा वकील नव्हे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तो न्यायालयापुढे ठेवणं त्याचं काम आहे, आणि खटला मागे घ्यायचा तर न्यायालयाची संमती लागते. प्रत्यक्षात त्याच्याकडे एका दिवसात इतकी प्रकरणं असतात, की साक्षीदाराशी बोलायला व्हरांड्यात दहा मिनिटं मिळाली तरी खूप. ठाण्याचा पैरवी कर्मचारी समन्स, वॉरंट, मुद्देमाल, साक्षीदार यांची जुळवाजुळव करत इथून तिथे धावत असतो. पोलीस आणि न्यायालय यांना जोडणारा हा माणूस कुठल्याच बातमीत दिसत नाही. तो रजेवर गेला की तारीख पडते.

आणि एके दिवशी कोयता न्यायाधीशांपुढे येतो. सील सगळ्यांदेखत फोडतात. पंच साक्षीच्या पिंजऱ्यात. ‘हीच वस्तू का? चिठ्ठीवरची सही तुमचीच का?’ कागदांना निशाणी क्रमांक पडतात, वस्तूंना आर्टिकल नंबर. बचावाचा वकील रजिस्टर मागवतो. जप्ती या तारखेची, प्रयोगशाळेत पोचला त्या तारखेला, मधले दिवस कोयता कुठे होता? कुणाच्या ताब्यात? मुद्देमाल कारकुनाला साक्षीला बोलावतात, एसटीने गेलेल्या शिपायालाही. एखादी कडी सापडली नाही, एखादा पंच फितूर झाला, तर कोयत्यावरचं रक्त खरं असूनही त्याचा भरवसा संपतो. निर्दोष सुटला की आपण म्हणतो पोलिसांनी केस ढिली केली किंवा न्यायालयाने सोडलं. बहुतेकदा गाठ सुटलेली असते ती दोन खात्यांच्या मधल्या जागेत.

ती मधली जागाच या व्यवस्थेचं खरं दुखणं आहे. तुरुंगाचं दार पाहा. तुरुंग अधीक्षक न्यायालयाच्या वॉरंटशिवाय कुणाला आत घेऊ शकत नाही आणि आदेशाचा कागद आल्याशिवाय बाहेर सोडू शकत नाही. नियम चोख. पण जुलै 2021 मध्ये आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या 13 कैद्यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि कागद पोचला नाही म्हणून ते काही दिवस आतच राहिले. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च 2022 मध्ये आदेश थेट संगणकावरून सुरक्षित पाठवण्याची ‘फास्टर’ ही यंत्रणा सुरू केली. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाच्या कागदांसाठी पेटी असते, आणि संध्याकाळची पेटी चुकली की माणसाची रात्र आतच जाते. कैद्याला न्यायालयात नेणारी पार्टी तुरुंगाची नसते, पोलीस मुख्यालयाची असते. बंदोबस्त लागला की पार्टी मिळत नाही, आरोपी हजर होत नाही, तारीख पडते. 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांतले 4,34,302 न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. चारातले तीन. ते भिंतींमुळे नाही, भिंतींमधल्या बंद दारांमुळे आत आहेत.

उपाय म्हणून आता पोलीस ठाणी, न्यायालयं, तुरुंग, प्रयोगशाळा आणि अभियोग यांच्या संगणक प्रणाली एकमेकींना जोडल्या जात आहेत. एकदा भरलेली नोंद सगळीकडे दिसावी हा उद्देश. ठाण्यांना जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती 2009 मध्ये, मुंबई हल्ल्यानंतरच्या वर्षी. हे व्हायलाच हवं, आणि लवकर. माझी धास्ती एवढीच आहे, की वेगाच्या नादात कुणी भिंतीच पाडायला निघेल. सरकारी वकिलाने पोलिसांच्या सांगण्यावरून चालावं, तज्ज्ञाने तपास अधिकाऱ्याला हवा तो अहवाल द्यावा, कबुलीजबाब ठाण्यातच घ्यावा, म्हणजे केसेस झटपट निकाली निघतील, हा मोह फार जुना आहे. तसं झालं तर आपण पुन्हा मामलेदाराच्या कचेरीत पोचू. पैसा खर्च करायचा तो दारांवर: प्रयोगशाळेतली माणसं, कैदी नेणाऱ्या पार्ट्या, सरकारी वकिलांची संख्या, पैरवी कर्मचाऱ्यांची सोय.

निकाल लागला. शिक्षा झाली तर आरोपी तुरुंगात. गुन्हा हलका असता, तर 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो घरीही गेला असता. त्याच्यावर देखरेख करणारा परिविक्षा अधिकारी महाराष्ट्रात महिला व बालविकास खात्याचा, म्हणजे आणखी एक वेगळं खातं. आणि मराठी निकालपत्राच्या शेवटी कोयत्यासाठीही एक ओळ असते, अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा, अशा अर्थाची.

या सगळ्या साखळीत एकच कडी अशी आहे जी कुठल्याच खात्याची नाही, ती म्हणजे पंच. तो नोकर नाही, अधिकारी नाही, रस्त्यावरून बोलावलेला तुमच्या-माझ्यासारखा माणूस आहे, आणि सीलवरची त्याची सही नसेल तर बाकीच्यांच्या सह्या लंगड्या पडतात. कोर्टकचेरी नको म्हणून आपण मान खाली घालून पुढे निघतो, आणि मग पोलिसांना तोच तो ठरलेला पंच पुन्हा पुन्हा उभा करावा लागतो, ज्याच्यावर न्यायालय विश्वास ठेवत नाही. तेव्हा कधी बोलावणं आलं तर जा. वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, सील तुमच्यासमोर ठोकायला सांगा, पंचनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि समन्स आलं, की न्यायालयात जाऊन जे पाहिलं तेवढंच सांगा.